नागदेवीतली ‘एमआयएस’ची नोकरी सोडावी का?

प्रश्न : मुलगी बी.कॉम. आहे. नागदेवी स्ट्रीटवर पाइप-फिटिंगच्या पेढीत चार महिन्यांपासून ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ (पेढीची माहिती आणि अहवाल सांभाळणारी) म्हणून जाते. दिवसभर मालाची नावं भरते आणि दुरुस्त करते. ही तर कारकुनीच! नोकरी सोडून डेटा सायन्सचा कोर्स करते म्हणते. करू द्यावा का? – एक आई, भांडुप

उत्तर : ताई, एवढ्यात नको. ज्या नावांना ती कंटाळली आहे, त्यांच्यावरच पेढीची खरेदी चालते. ‘जीआय पाइप १/२ इंच’, ‘जी.आय. १५ एमएम’ आणि ‘अर्धा इंची जीआय’ हा एकच माल. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे तीन आयटम झाले की एकात साठा उणे दिसतो, दुसऱ्यात पडून राहतो. मालक उणे बघून पुन्हा ऑर्डर देतो आणि पैसा गोदामात अडकतो.

एक्सेल त्यात भर घालतं. १/२ टाइप केलं की १ फेब्रुवारी होते, ३/४ची ३ एप्रिल. मागाहून कॉलम ‘टेक्स्ट’ केला तर, २०२५मध्ये भरलेल्या १/२च्या जागी, ४५६८९ हा एक्सेलचा त्या तारखेचा आतला क्रमांक उरतो. कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मग भरायचं.

तिला सांगा, सगळी यादी एकदम उपसू नकोस. वर्षभरात जास्त खपलेले शंभर आयटम घे. प्रत्येकाला एक कोड, माप फक्त एमएममध्ये, आणि एकक ठरलेलं. खरेदी किलोत आणि विक्री नगावर असेल तर घोळ तिथेच सुरू होतो. ज्यावर व्यवहार झालेत तो आयटम टॅली पुसू देत नाही. म्हणून त्याची शिल्लक स्टॉक जर्नलने (साठा एका आयटमवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या नोंदीने) योग्य आयटमवर न्यायची आणि जुन्याच्या नावाआधी ‘झेड बंद’ लावायचं, म्हणजे तो यादीत तळाला जातो. मग जुनं नाव नव्या आयटमला एलियस, म्हणजे पर्यायी नाव, म्हणून देता येतं. सेल्समन ‘अर्धा इंची’च म्हणणार, त्याला सुधारण्यात शक्ती घालवू नये! नवा आयटम मात्र एकाच माणसाने उघडायचा, नाहीतर दिवाळीपर्यंत पुन्हा तेच.

गिऱ्हाइकांच्या यादीत नावापेक्षा १५ अक्षरांचा जीएसटी नंबर तपासावा. महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. नंबर चुकला की बिल गिऱ्हाइकाच्या २बीमध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या त्याच्या खरेदीच्या यादीत) येत नाही, त्याचं भरलेल्या कराचं क्रेडिट अडतं आणि तो आपलं पेमेंट अडवतो.

कोर्सचं म्हणाल तर आधी एक्सेलमधलं पिव्हट आणि पॉवर क्वेरी, मग डेटाबेसची भाषा एसक्यूएल. एवढं घरी बसून जमतं. डेटा सायन्सच्या वर्गात बहुतेकदा आधीच साफ केलेले तक्ते हातात देतात. तिला न साफ केलेले रोज मिळताहेत, तेही पगार घेऊन.

सहा महिन्यांनीही मालक यादीला हात लावू देत नसेल, तर खुशाल दुसरीकडे बघा. पण काम सुरू करण्याआधी आजचे आकडे टिपून ठेवू द्या : एकूण आयटम किती, दुबार किती, उणे साठा किती ठिकाणी. पुढच्या मुलाखतीत आधीचे आणि नंतरचे हे आकडे सांगता येतील. मालाच्या दरांची फाइल मात्र पेढीतच राहू दे.