कार्टून लिहिणारी बाई ‘हंगर गेम्स’पर्यंत कशी पोचली?

प्रश्न : ताई, माझी १३ वर्षांची मुलगी ‘हंगर गेम्स’ वाचतेय, जेवतानाही पुस्तक खाली ठेवत नाही. लेखिका सुझान कॉलिन्स आधी लहान मुलांच्या टीव्ही मालिका लिहायची म्हणे. कार्टून लिहिणारी बाई एकदम मुलं मुलांना मारतायत अशी गोष्ट कशी काय लिहायला लागली? आणि हे मुलीला वाचू द्यावं का?

उत्तर : ते ‘एकदम’ झालेलं नाहीये हो. सुझानचा जन्म १९६२ चा, अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या हार्टफर्डचा, चार भावंडांत ती शेंडेफळ. वडील हवाई दलात आणि शिवाय इतिहासाचे अभ्यासक, त्यामुळे घरात लढायांबद्दल मुलांशी अगदी मोकळेपणाने बोललं जायचं, कुठे फिरायला गेले की जुनी रणांगणं दाखवून तिथे काय झालं, का झालं हे ते समजावून सांगायचे. ती जेमतेम सहा वर्षांची असताना वडील व्हिएतनामला गेले, वर्षभरासाठी. त्यावर तिने खूप नंतर, २०१३ मध्ये, ‘इयर ऑफ द जंगल’ नावाचं चित्रपुस्तक केलंय. त्यातल्या छोट्या मुलीला आधी वाटत असतं की बाबा कार्टूनमधल्यासारख्या जंगलात गेलेत, मग एक दिवस टीव्हीवरच्या बातम्यांत खरं युद्ध तिच्या नजरेला पडतं आणि आई धावत येऊन टीव्ही बंद करते. मला तर वाटतं ‘हंगर गेम्स’ची सुरुवात त्या बंद केलेल्या टीव्हीपाशीच आहे.

टीव्हीचं काम तिने १९९१ मध्ये सुरू केलं, निकलोडियन या मुलांच्या चॅनलसाठी ‘क्लॅरिसा एक्स्प्लेन्स इट ऑल’, मग अगदी चिमुरड्यांचं ‘लिटल बेअर’, ‘ऑस्वाल्ड’ वगैरे. ही कामं किरकोळ समजू नका, प्लीज. छोटं मूल कंटाळलं की सरळ उठून जातं, त्याला धरून ठेवायचं तर प्रत्येक सीनमध्ये काहीतरी घडावंच लागतं आणि नेमकं कुठे थांबायचं ते कळावं लागतं. त्याआधी न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत तिने नाट्यलेखनाचं शिक्षण घेतलं होतं. मुलीच्या हातातलं पुस्तक जरा उघडून बघा : तीन भाग, प्रत्येकात नऊ प्रकरणं, एकूण २७, पुढच्या दोन पुस्तकांतही हाच हिशोब आणि बहुतेक प्रकरणं अशा जागी संपतात की पान उलटल्याशिवाय राहवतच नाही, म्हणजे तीन अंकी नाटकच झालं की! तुमची लेक जेवताना पुस्तक का सोडत नाही याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

पुस्तकांकडे तिला वळवलं ते जेम्स प्रोइमोस या चित्रकार-लेखक सहकाऱ्याने, एका कार्टूनच्या कामात त्यांची ओळख झाली होती. २००३ मध्ये ‘ग्रेगर द ओव्हरलँडर’ आलं, त्यात न्यूयॉर्कमधला ११ वर्षांचा मुलगा इमारतीच्या लाँड्रीतून बहिणीसकट जमिनीखालच्या जगात जाऊन पडतो. या मालिकेची पाच पुस्तकं झाली आणि त्यांतही युद्ध आहेच बरं का, कुणी फारसं लक्ष देत नाही इतकंच. मग एका रात्री ती टीव्हीचे चॅनल बदलत होती, एकीकडे तरुण मुलांचा रिॲलिटी शो, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं आणि दोन्ही तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळायला लागली. त्यात थिसियस आणि मिनोटॉरची ग्रीक कथा लहानपणापासून मनात होतीच, मिनोटॉर नावाच्या राक्षसापुढे खंडणी म्हणून मुलं पाठवायची ती. यातून २००८ मध्ये ‘हंगर गेम्स’ आलं, टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या खेळात मुलांना मरेपर्यंत एकमेकांशी लढवतात ती गोष्ट. २०१२ च्या सिनेमाच्या पटकथेतही ती होती, टीव्हीची सवय तिथेही कामी आली असणार.

आता वाचू द्यावं का? हो, द्या, पुस्तक याच वयासाठी लिहिलंय. फक्त तुम्हीही वाचा, मागे राहू नका. रू, म्हणजे खेळातली नायिकेची छोटी साथीदार, मरते तो भाग आला की मुलगी गप्प होईल, तेव्हा समजूत घालायची घाई करू नका, शेजारी बसा आणि ती काय विचारते ते ऐका.