लायसन्स रद्द झालं. अपील करू की बायकोच्या नावानं नवीन काढू?

(औषध दुकानदार आणि फार्मासिस्ट यांच्या प्रश्नांना निवृत्त औषध निरीक्षकांची उत्तरं)

प्रश्न : साहेब, नमस्कार. मानेवाडा भागात माझं मेडिकल आहे. मी स्वतः फार्मासिस्ट नाही, पगारी ठेवला आहे. तो मामेबहिणीच्या साक्षगंधाला वर्ध्याला गेला होता आणि मी माल आणायला गंजीपेठेत दवा बाजारात. दुकानात फक्त कामावरचा पोट्टा. नेमके तेव्हाच इन्स्पेक्टर आले. पोट्ट्यानं डॉक्टरची चिठ्ठी न बघता अल्प्राझोलम या गुंगीच्या औषधाची स्ट्रिप दिली होती, तीही बिलाशिवाय. एच-वनचं, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीचं, रजिस्टर अर्धवट निघालं. नोटीस आली, मी 'माफी असावी, पुन्हा होणार नाही' असं लिहून दिलं. तरी लायसन्स रद्द. मागं एकदा तपासणी वहीत फार्मासिस्ट हजर नसल्याचा शेरा पडला होता, पण तेव्हा काही झालं नव्हतं. आता साळा म्हणून राहिला, बायकोच्या नावानं नवीन काढ. दुसरा एक म्हणतो, अधिवेशनाला मंत्री नागपुरात येतील तेव्हा बघू. दुकानात लाखांचा माल पडून आहे, तो हळूहळू काढला तर चालेल का? आणि सगळीच मेडिकलं अशी चालतात, मग मलाच का?

उत्तर : भाऊ, आधी मालाचं बोलू, कारण त्यात आज रात्रीसुद्धा घोटाळा होऊ शकतो. काही काढू नका. शेजाऱ्याला पॅरासिटामॉलची पट्टीही देऊ नका. आदेश निघाल्यापासून तुमची विक्री विनापरवाना ठरते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० च्या कलम २७ प्रमाणे त्याला किमान ३ वर्षं आणि कमाल ५ वर्षं कैद आहे. वर दंड किमान १ लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, जो जास्त असेल तो. सध्या तुमच्यावर कारवाई कागदोपत्री आहे, ती कोर्टात नेऊ नका. मालाची बॅच नंबर आणि एक्सपायरीसह यादी करा, ती लेखी पत्रासोबत परवाना प्राधिकाऱ्याला द्या आणि होलसेलरला माल परत करायचा असेल तर तेही त्याच पत्रात मांडा. आणि हो, शटर पाडताना मेन स्विच पाडू नका. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत बंद दुकानाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता आदेशाचा कागद हातात घ्या आणि वरची तारीख बघा. औषध नियम १९४५ मधला नियम ६६ सांगतो की परवाना निलंबित किंवा रद्द झाल्यास आदेशाच्या तारखेपासून ३ महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. आदेशाच्या तारखेपासून, पोस्टमननं पाकीट दिलं त्या दिवसापासून नव्हे. हिवाळी अधिवेशनाची वाट बघण्यात कित्येकांची मुदत टळलेली मी पाहिली आहे. मंत्रिमहोदयांना भेटायचं तर खुशाल भेटा, पण अपिलाचा अर्ज आधी मंत्रालयात दाखल झालेला असू द्या आणि पोच फाइलला लावा. त्याच अर्जासोबत आदेशाला अंतरिम स्थगिती मागा. नुसतं अपील दाखल झालं म्हणून दुकान उघडता येत नाही, स्थगितीचा कागद हाती आला तरच शटर वर.

तुमचा माफीनामा मात्र मला खटकला. त्यात तुम्ही आरोप मान्य केलेत आणि बचाव एका ओळीचाही मांडला नाहीत. नियम ६६ ला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी अट, आहे, ते दुकानदार वाचतच नाहीत. कसूर नोकराच्या हातून झाली असेल आणि मालकानं काही गोष्टी सिद्ध केल्या, तर परवाना रद्द किंवा निलंबित करता येत नाही. त्यात मालकाची फूस नव्हती आणि त्यानं काणाडोळाही केला नव्हता, हे दाखवावं लागतं. त्याआधीच्या १२ महिन्यांत तशीच कसूर झालेली नसावी. शिवाय नियम पाळले जावेत म्हणून मालकानं वाजवी खबरदारी घेतलेली असावी. तुम्ही त्या वेळी दवा बाजारात होता ना? त्या दिवसाची खरेदीची बिलं, वेळ छापलेली असेल तर फारच उत्तम, पहिल्यांदा शोधा. मग तपासणी वहीतला तो जुना शेरा काढा. तो या घटनेच्या १२ महिन्यांच्या आतला आहे की आधीचा, यावर तुमचं अर्धं अपील उभं आहे. आतला असेल तर परंतुकावर फार भिस्त ठेवू नका, शिक्षा कमी करण्याची विनंती धरा. आधीचा असेल तर तारखा सरळ मांडा.

खबरदारीचा पुरावा म्हणजे काय? फार्मासिस्टचं नेमणूकपत्र, बँकेतून गेलेला पगार, त्या दिवसाचा रजेचा अर्ज. फार्मासिस्ट नसताना चिठ्ठीवरची औषधं द्यायची नाहीत अशी लेखी सूचना पोट्ट्याला दिली होती का? एच-वनचं कपाट कुलूपबंद असायचं का? असेल ते लावा. नसेल ते आता बसून तयार करू नका. रजिस्टर तर मुळीच नाही. एच-वनच्या नोंदवहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लागते आणि ती ३ वर्षं जपावी लागते, २०१४ च्या मार्चपासून. नोकरीत असताना अशी किती रजिस्टरं माझ्यासमोर आली! तीन महिन्यांच्या नोंदी, एकच निळं पेन, एकच दाब, डॉक्टरांची नावं आलटून पालटून तीच. पान उलटायच्या आधीच कळायचं की हे काल रात्री बसून लिहिलंय. अर्धवट रजिस्टर ही कसूर आहे. नंतर भरलेलं रजिस्टर ही लबाडी ठरते. आणि घटना माफीनाम्यात मान्य केली आहेच, तर अपिलात 'असं घडलंच नाही' म्हणू नका.

अपिलात पर्यायी मागणी जरूर घाला : रद्द करण्याऐवजी ठरावीक दिवसांचं निलंबन द्यावं. नियमात दोन्ही आहेत. निलंबन पूर्ण परवान्याचं किंवा फक्त काही औषधांपुरतंही होऊ शकतं. आदेश लेखी आणि कारणांसहित असावा लागतो, तेव्हा तुमच्या आदेशात कारणं दिली आहेत का, तेही वकिलाला दाखवा. अपील फेटाळलं गेलं तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते, पण अपिलाची पायरी गाळून थेट तिकडे गेलात तर बहुतेक वेळा 'आधी अपील करा' म्हणून परत पाठवतात.

साळ्याचा सल्ला. अपील हरल्यावर नव्यानं अर्ज करणं हा मार्ग आहेच : किरकोळ विक्रीसाठी किमान १० चौरस मीटर जागा, फ्रीज, नोंदणीकृत फार्मासिस्ट, सगळं पहिल्यापासून. पण आज, आदेश ताजा असताना, त्याच गाळ्यात, त्याच रॅकवर वहिनींच्या नावानं अर्ज आला की तपासणीला येणाऱ्या माणसाला काय दिसेल? मी असतो तर अर्जापेक्षा तुमची जुनी फाइल आधी मागवली असती. अपिलाच्या सुनावणीत 'मालक सुधारणा करायला तयार आहे' हे म्हणणंही त्यानं पोकळ होतं.

सुधारणेचा खरा पुरावा म्हणजे दुकानात पूर्ण वेळ बसणारा फार्मासिस्ट. त्याचं संमतीपत्र अपिलाला जोडा. भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं, काउंटरवर दुसराच, आणि खिळ्याला इस्त्री न मोडलेला पांढरा कोट, हे दृश्य नागपुरात नवं नाही. म्हणूनच 'मलाच का' हा प्रश्न सुनावणीत काढू नका. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२ च्या आसपास, फार्मासिस्टच्या हजेरीवरून राज्यभर कारवाया झाल्या, तेव्हाही प्रत्येकजण हेच म्हणायचा. दुसऱ्याचं दुकान तपासलं गेलं नाही म्हणून तुमचा आदेश रद्द होत नाही.

प्रश्न : मी बी.फार्म. आहे, प्रतापनगरला राहते. मुलं लहान होती म्हणून काम सोडलं. आता नोकरी मिळते आहे, पण नूतनीकरण राहून गेल्यानं फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीतून नाव निघाल्याचं कळलं. मलाही अपील करावं लागेल का?

उत्तर : नाही ताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे आणि सोपंही. दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासन (एफडीए) देतं, तुमची नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे असते. फी न भरल्यानं नाव निघालं तर ते फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ३४ खाली जातं आणि ठरलेल्या अटी पुऱ्या केल्या की परत येतं. व्यावसायिक गैरवर्तनासाठी नाव काढलं तर कलम ३६ लागतं, त्यात ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील असतं. तुम्हाला त्याच्याशी कर्तव्य नाही. थकलेली फी, मूळ नोंदणी प्रमाणपत्र आणि कौन्सिल मागेल ती कागदपत्रं घेऊन अर्ज करा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा आत्ताच जोडा, बहुतेक बायकांचा अर्ज तिथेच अडकतो. नाव परत नोंदलं जाईपर्यंत मात्र काउंटरवर उभ्या राहू नका. दुकानदाराला रुजू व्हायची तारीख पुढची सांगा.