कॅमारोच्या इंजिनातील टकटक

प्रश्न : मी ह्यूस्टनला राहतो. माझ्याकडे २०११ सालची ऑटोमॅटिक गिअरची शेव्हरोले कॅमारो एसएस आहे. इंजिनातून येणारी टकटक तापल्यावरही थांबेना, म्हणून तपासणी केली, तेव्हा सातव्या सिलिंडरचा एक लिफ्टर (व्हॉल्व्ह उघडण्यासाठी धक्का पोचवणारा भाग, आपल्याकडे ज्याला टॅपेट म्हणतात तो) निकामी झालेला आढळला. तेवढाच बदलावा की सगळे? शर्यतीच्या गाडीचे महागडे लिफ्टर घ्यावेत का?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द निर्णायक आहे. हाताने गिअर बदलण्याच्या कॅमारो एसएसमध्ये त्या वर्षी ६.२ लिटरचे एलएस३ इंजिन येत असे, तर ऑटोमॅटिकमध्ये एल९९. इंधन वाचवण्यासाठी या एल९९ मध्ये १, ४, ६ आणि ७ हे सिलिंडर चालत्या गाडीत बंद ठेवण्याची सोय असून, त्यांचे आठ लिफ्टर वेगळ्या घडणीचे असतात. तेलाच्या दाबाने त्यांच्यातील खिटी आत सरकली की लिफ्टरच्या तळाचा रोलर कॅमवर, म्हणजे उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्यावर, फिरत राहतो, पण लिफ्टरचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, हलत नाही. आपला सातवा सिलिंडर याच चौकडीतला आहे.

म्हणून आधी ठरवायचे ते हे, की ही सोय ठेवायची की काढायची. ठेवायची असल्यास त्या आठ जागी त्याच घडणीचे लिफ्टर लागतील. काढायची असल्यास सोळाही साधे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे) रोलर लिफ्टर बसवता येतात. मात्र त्यासोबत कॅमशाफ्ट (म्हणजेच कॅम) आणि इंजिनच्या व्हॅलीवरील, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांमधील खोलगट भागावरील, झाकण बदलावे लागते, शिवाय इंजिन चालवणाऱ्या संगणकातील मांडणीही नव्याने करून घ्यावी लागते. गाडी जोरात पळवण्याची हौस असेल, तर मी दुसरा मार्ग धरीन.

एकच लिफ्टर बदलणे ही काटकसर नव्हे, कारण तो काढण्यासाठी सिलिंडरवरचे हेड उतरवावेच लागते. तेव्हा सोळा लिफ्टर, त्यांना सरळ धरणारे प्लास्टिकचे चार ट्रे, हेड गॅस्केट आणि हेडचे बोल्ट नवे घ्यावेत. हे बोल्ट घट्ट करताना ताणले जातात, त्यामुळे पुन्हा वापरू नयेत. कॅमच्या उंचवट्यावर नखाला ओरखडा लागला, तर जुन्या कॅमवर नवे लिफ्टर चालवू नयेत. रोलरच्या बेअरिंगचा चुरा तेलात गेलेला असू शकतो, म्हणून फिल्टर कापून पाहावा आणि तेलाचा पंपही तपासावा.

शर्यतीचे सॉलिड (फट आपोआप न भरणारे) लिफ्टर रोजच्या वापरात नकोत. त्यांची फट वारंवार तपासत बसावे लागते. हायड्रॉलिक लिफ्टर कोणताही घ्या, खरी मेख पुशरॉडच्या लांबीत असते. हेड ०.७६ मिलिमीटर घासले, तर लिफ्टरमधील प्लंजर, म्हणजे आतला दट्ट्या, जवळपास तेवढाच अधिक दाबला जातो. कॅमचा पायाचा घेर (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान असेल, तर उलट घडते. यासाठी लांबी मोजण्याचा पुशरॉड मिळतो. त्याने व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना माप घ्यावे, प्लंजर जेवढा दाबला जावा असे लिफ्टरच्या निर्मात्याने सांगितले असेल, तेवढी लांबी त्यात मिळवावी आणि मगच पुशरॉड मागवावेत.