आजी, माले वॉटर दे ना!

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही अमळनेरला असतो. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, यंदाच नर्सरीत टाकलाय, इंग्लिश मिडियम. सासूबाई त्याच्याशी अहिराणीच बोलतात, मी आणि हे मराठी. काल आजीच्या मांडीवर बसून म्हणतो, "आजी, माले वॉटर दे ना." पप्पांकडे मागायचं असलं की मात्र "मला" म्हणतो. परवा "मी होमवर्क करलं" म्हणाला. शाळेला "शाया" म्हणतो म्हणून टीचर हसल्या, म्हणे घरी फक्त इंग्लिश बोला नाहीतर कन्फ्यूज होईल. हे रोज दीड तास मोबाईलवर इंग्लिश गाणी लावून देतात, पण फरक काही दिसत नाही. सासूबाईंना कसं सांगू?

उत्तर : सासूबाईंना काहीच सांगू नका. अहो तुमच्याच पत्रात उत्तर आहे, आजीला "माले" आणि पप्पांना "मला", म्हणजे कोणाशी काय बोलायचं हे साडेतीन वर्षांच्या पोराला न शिकवता कळलंय, याला कन्फ्यूज कोण म्हणेल? आणि "माले वॉटर दे" परत एकदा नीट ऐका. शब्द शाळेतून आणला पण वाक्य आजीचंच ठेवलं, "ले" जिथे लागायचा तिथेच लागला. त्या वेळी जो शब्द तोंडाशी आला तो त्याने वापरला, आपण मोठे नाही का म्हणत "लाईट गेली", तसंच ते.

"करलं"चं तर मला कौतुकच वाटलं. घरात कोणी "करलं" म्हणत नसेल, मग आणलं कुठून? बसलं, पडलं, उठलं ऐकून ऐकून त्याने नियम पकडला आणि "कर"ला लावून टाकला, आता भाषाच आडमुठी, "केलं" म्हणते, त्याला तो काय करणार. माझ्या बालवाडीत एक पोरगी वर्षभर "मी घरी जाली" म्हणायची, चिडून दुरुस्त करायला गेलं की बोलायचीच बंद व्हायची. तुम्ही फक्त "हो का, होमवर्क केलं का माझ्या राजाने?" एवढं म्हणा आणि पुढच्या कामाला लागा.

"शाया"वर हसलेल्या बाईंचा मला जरा रागच आला. अहिराणीत ळ चा य होतो, शाया, डोया, केयी. पोराची जीभ अजिबात जड नाही, आजी जे म्हणते ते त्याने अगदी बरोब्बर उचललंय. हे कान लहानपणी फार तिखट असतात. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले "त" आणि "ट" ऐकवले, सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांना तो कळेनासा झाला कारण घरात तसा फरक कानावर पडतच नव्हता.

आता मोबाईल. २००३ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली, बारा वेळा, काहींना समोर बसून खेळत-वाचत आणि काहींना तेच सगळं टीव्हीवर. समोरच्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनी आवाजातला फरक कळायला लागला, टीव्हीवाल्यांना काहीच नाही. तुमचा मुलगा मोठा आहे, गाण्यातून दोन-चार शब्द उचलेल, पण आजी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजते, लाकडी बडगीत ठेचते आणि हा शेजारी बसून "आते मीठ टाकू का" विचारतो, तिथे जे शिकणं होतं ते त्या दीड तासात कुठून येणार?

"लहानपणी सगळं पटकन येतं" हे पण अर्धंच खरं. १९७८ साली हॉलंडमध्ये राहायला येऊन डच शिकणाऱ्या इंग्रजी बोलणाऱ्यांवर अभ्यास झाला, तर सुरुवातीला सगळ्यात पुढे बारा ते पंधरा वर्षांची मुलं होती आणि तीन ते पाच वर्षांची मागे. छोट्यांचा फायदा पुढे दिसतो, उच्चारात जास्त. त्यामुळे साडेतीन वर्षांच्या वयातच इंग्लिशची गाडी चुकेल ही भीती डोक्यातून काढा.

प्रश्न : मी धडगाव भागात अंगणवाडी सेविका आहे. पोरं घरी पावरी, म्हणजे इथल्या पावरा आदिवासींची भाषा बोलतात. दोन नवी मुलं दीड महिना झाला तोंडच उघडत नाहीत, मराठी येतच नाही त्यांना. काय करू?

उत्तर : बोलत नाहीत म्हणजे शिकत नाहीत असं नाही. नव्या भाषेत बरीच मुलं आधी काही आठवडे, कधी कधी काही महिने नुसती ऐकतात. "वाटी आण", "उडी मार", "डोळे झाक" असं सांगून बघा, केलं तर समजलं, बोलायचा हट्ट करू नका. आणि पावरी बंद नका करू. २०२० च्या शैक्षणिक धोरणातसुद्धा जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असंच म्हटलंय. घरी पण पावरीत बोलत नसतील, हाक मारल्यावर बघत नसतील तर मात्र थांबू नका, आधी कान तपासून घ्या. तसं काही नसेल तर पाणी, भाकरी, कोंबडी यांना पावरीत काय म्हणतात ते तुम्हीच त्यांना विचारा, तुमचा उच्चार चुकला की ती हसतील बघा, आणि बहुतेक तिथूनच बोलायला लागतील.