बायकोसोबत लांबच्या प्रवासासाठी कोणती मोटरसायकल घ्यावी: क्रूझर की ॲडव्हेंचर?

थोडक्यात उत्तर आधी देतो. साधारण ६५० सीसीची, दोन सिलिंडरची, ताठ बसता येईल अशी टूरर (लांबच्या प्रवासासाठीची गाडी) किंवा डांबरी रस्त्यासाठीच बनवलेली ॲडव्हेंचर बाईक. त्यातली नेमकी कोणती, ते वहिनींना ठरवू द्या. तुम्ही विचारलंय की बायकोला मागे बसवून दिवसाला चारेकशे किलोमीटर जायचं तर क्रूझर (बुटकी, पाय पुढे लांबवून बसायची) घ्यावी की ॲडव्हेंचर (उंच, खराब रस्त्यावरही चालणारी), आणि किमान किती सीसी हवी. सीसीवर मी शेवटी येतो, कारण लोकांना वाटतं तेवढा तिचा आरामाशी संबंध नसतो.

चालवणारा दोन चाकांच्या मधोमध बसतो, मागचा माणूस जवळपास मागच्या चाकाच्या डोक्यावर. म्हणजे खड्ड्याचा दणका त्याला आपल्यापेक्षा जास्त बसतो. त्यात आपल्याला खड्डा आधी दिसतो, आपण फुटरेस्टवर जोर देऊन नकळत बूड उचलतो. मागच्याला समोर फक्त हेल्मेट दिसतं. त्यामुळे तुम्ही एकट्याने चालवून "काय मस्त गाडी आहे" म्हणालात तरी त्या मताला डबलसीट प्रवासात फारशी किंमत नाही.

शोरूममध्ये गेलात की गाडी मेन स्टँडवर लावायला सांगा, तुम्ही पुढे बसा, वहिनींना मागे बसवा आणि तसेच वीसेक मिनिटं बसून राहा. सेल्समन अस्वस्थ होईल, होऊ दे. मेन स्टँड नसेल तर कुणालातरी गाडी धरायला लावा. या वेळात काय बघायचं? आधी गुडघे. मागचे फुटरेस्ट उंच असले की गुडघे छातीकडे येतात, सगळं वजन बुडावर पडतं आणि तासाभरात पाय अवघडतात. गुडघा काटकोनापेक्षा थोडा उघडा राहायला हवा. मग सीटच्या कडेला, मांडीखाली हात घालून बघा. कड टोकदार असेल तर ती मांडीची नस दाबते. सीटची रुंदी आणि उतार तर बघाच. बऱ्याच गाड्यांची मागची सीट पुढे उतरती असते, आणि तो उतार शोरूममध्ये जाणवत नाही. रस्त्यावर मात्र प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस घसरून तुमच्या पाठीवर येतो, तुम्ही टाकीवर ढकलले जाता, तो परत मागे सरकतो, पुढच्या ब्रेकला पुन्हा तेच. दिवसभर हे चाललं की दोघांच्या कमरेची वाट लागते.

मऊ सीटला भुलू नका. बोट दाबल्यावर छान आत जाणारा फोम तासाभरात पूर्ण चेपतो आणि मग तुम्ही खालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर बसलेले असता. जरा कडक वाटणारी, पण रुंद आणि सपाट सीट लांबच्या प्रवासात जास्त टिकते. धरायला दांडी कुठे आहे तेही बघा. सीटच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या जरा मागे असलेल्या ग्रॅब रेल चांगल्या. सीटच्या मधोमध आडवा पट्टा देणाऱ्या कंपन्यांनी तो धरून स्वतः कधी घाट उतरून पाहिला असेल, असं मला वाटत नाही.

आता वजन. हा आकडा जाहिरातीत नसतो, मालकाच्या पुस्तिकेत असतो: गाडीचं कमाल एकूण वजन. त्यातून पेट्रोलने भरलेल्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो तुमचा हिस्सा. उदाहरणार्थ बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस भरल्या टाकीसह २४९ किलोची आहे आणि तिची मर्यादा ४६५ किलो. उरले २१६. तुम्ही ८०, वहिनी ६०, दोघांची हेल्मेट, जॅकेट, बूट धरून १५ किलो, म्हणजे झाले १५५. राहिलेल्या ६१ किलोत बॉक्स, बॉक्स अडकवायच्या पट्ट्या आणि बॉक्सच्या आतलं सामान. रिकामे बॉक्सही वजनदार असतात, हे लोक हमखास विसरतात. एवढ्या मोठ्या गाडीची ही गत, तर ज्या गाडीचा हिस्सा १६० किलोच आहे तिच्यावर तुम्ही दोघं बसलात की उरले पाच. दुसरी गोम अशी की काही ठिकाणी कोरडं वजन, म्हणजे पेट्रोल न धरता, छापतात. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं. २० लिटरच्या टाकीचे १५ किलो तिथेच गेले.

वजन मर्यादेत असलं तरी शॉकअपला ते पेलायला लावावं लागतं. कारखान्यातून गाडी येते ती साधारणपणे एकट्या चालवणाऱ्याच्या वजनावर सेट होऊन. मागे माणूस आणि सामान आलं की मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होतं, हँडल आळसावतं आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय शॉकअप आधीच अर्धा दबलेला असल्यामुळे खड्ड्यात तो तळाला आपटतो. मागून "अगं आई गं" ऐकू येतं ते तेव्हा. यावर उपाय म्हणजे प्रीलोड वाढवणं, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी आवळून ठेवणं. घरी मोजायची सोपी रीत: मागचं चाक जमिनीवरून उचललेलं असताना ॲक्सलपासून (चाकाच्या आसापासून) सीटखालच्या एखाद्या ठरावीक बिंदूपर्यंतचं अंतर घ्या, मग गाडी चाकांवर घेऊन दोघं सामानासकट बसा आणि तिसऱ्याला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. फरक शॉकअपच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आला की जमलं. २०० मिमी हालचाल असेल तर ६०-७० मिमी. प्रीलोड पूर्ण आवळूनही गाडी जास्तच बसत असेल, तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंग कमी पडतेय आणि दुसरी बसवावी लागेल.

म्हणून गाडी निवडताना प्रीलोड कसा बदलतो हे जरूर विचारा. बाहेर हाताने फिरवायची गोल मूठ असेल तर तुम्ही तो खरंच बदलाल. सीट काढून सी-स्पॅनर (आकड्यासारखा पाना) घालून खाचा बदलायच्या असतील, तर पहिल्या महिन्यानंतर कुणी त्याच्या वाटेला जात नाही.

क्रूझरबद्दल माझं मत इथूनच बनलंय. फोटोत क्रूझर आरामखुर्ची वाटते. पण पाय पुढे लांबवून बसलं की शरीराचं सगळं वजन माकडहाडावर येतं, खड्ड्यात पायांवर उठता येत नाही, आणि गाडी बुटकी ठेवायची म्हणून मागच्या शॉकअपला हालचाल १०० मिमीच्या आसपास, कधी त्याहूनही कमी दिलेली असते. ॲडव्हेंचर गाडीत ती याच्या दीडपट-दुप्पट असते. बऱ्याच क्रूझरची मागची सीट म्हणजे मडगार्डवर चिकटवलेली उशी. रस्ता गुळगुळीत आणि सरळ असेल, तर मोठी सीट, बॅकरेस्ट आणि मधोमध फुटरेस्ट असलेली क्रूझर उत्तम चालते. रस्ता कसा असेल याचा भरवसा नसेल तर नको.

आरामाचा विषय निघाला की होंडा गोल्डविंगचं नाव येतंच. पण १९७५ मॉडेलची पहिली गोल्डविंग, जीएल१०००, अगदी उघडी होती: काच नाही, बॉक्स नाहीत. लोकांनी क्रेग वेटर यांचं विंडजॅमर फेअरिंग (पुढून वारा अडवणारं कवच) आणि बाजारातले बॉक्स लावून तिची टूरर केली, आणि मग १९८० मध्ये होंडाने जीएल११०० इंटरस्टेटवर फेअरिंग आणि बॉक्स कारखान्यातूनच दिले. सहा सिलिंडर त्याच्याही नंतर, १९८८ मॉडेलच्या जीएल१५०० मध्ये आले. एवढं सांगायचं कारण असं की बजेट ताणून मोठं इंजिन घेण्यापेक्षा मधली गाडी घेऊन सीट, काच आणि शॉकअपवर खर्च केलात तर तो जास्त वसूल होतो.

वाऱ्याचं गणित विचित्र आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीपेक्षा जास्त होतो. तुमच्यासाठी उंच काच लावली की तुम्ही सुखात, पण काचेवरून उडालेली हवा मागे भोवरे करत उतरते, आणि मागचा माणूस थोडा उंच बसलेला असल्याने ती नेमकी त्याच्या हेल्मेटवर आदळते. डोकं सतत थरथरतं, मान आखडते. कधीकधी काच बुटकी केली, तर मागच्याला सलग वारा लागतो आणि तो जास्त बरा वाटतो. हे कागदावर कळत नाही. उंची बदलता येणारी काच असलेली गाडी बघा आणि ट्रायलच्या वेळी मागून विचारून विचारून ती बसवा.

इंजिनाकडे येऊ. एका सिलिंडरची ४००-४५० सीसीची गाडी डबलसीट ८०-९० च्या वेगाने दिवसभर जाऊ शकते, लोक जातातही. अडचण येते ती चढावर ओव्हरटेक करताना, आणि थरथरीची. थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट असला तरी प्रत्येक इंजिनाची काही आरपीएमची एक पट्टी असते जिथे गाडी गुणगुणते. ती पट्टी नेमकी तुमच्या नेहमीच्या वेगावर येत असेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही. तुम्हाला ती हँडलमध्ये जाणवेल, वहिनींना तळपायांत, कारण मागच्या फुटरेस्टवर रबर बहुधा पातळच असतं. म्हणून टॉप गिअरमध्ये तुमच्या रोजच्या वेगावर दहा मिनिटं सलग चालवा आणि मग त्यांना विचारा, पायांना मुंग्या आल्या का.

दोन सिलिंडरच्या ६५० मध्ये हे प्रश्न बरेच कमी होतात. त्याहून मोठं इंजिन मजेसाठी घ्या, आरामासाठी त्याची गरज नाही. थ्रॉटल किती मऊ आहे ते मात्र बघा. ॲक्सिलरेटर सोडला की झटका, धरला की झटका अशी गाडी असेल तर मागचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर टक् करून आपटतं. ट्रायलमध्ये ते टक्-टक् गिअरागणिक ऐकू आलं, तर आधी स्वतः क्लच कसा सोडता ते तपासा, मग गाडीला दोष द्या.

बाकीचं भराभर सांगतो. टाकी १५ लिटरच्या वर असली की पुरे, कारण पेट्रोल संपायच्या कितीतरी आधी मागच्याला उतरून पाय मोकळे करायचे असतात. दर तास-दीड तासाला थांबा. शाफ्ट ड्राईव्ह (चेनऐवजी दांड्याने चाक फिरवणारी रचना) असेल तर चेनची कटकट नाही, पण तो वजन वाढवतो. चेन असेल तर तिचा ढिलेपणा दोघांच्या वजनाखालीही राहतोय ना ते बघा. टायरमधल्या हवेचे डबलसीटचे आकडे वेगळे असतात, बहुधा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा चेनकव्हरवर स्टिकर असतो. हवा थंड टायरमध्ये मोजायची. सायलेन्सर मागच्याच्या पोटरीजवळून जात नाही ना, हेही बघा. टॉप बॉक्सचं बॅकरेस्ट मागच्याला फार धीर देतं, पण त्यात जड सामान भरू नका. तो मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो आणि पुढचं चाक उचलू पाहतो. जड वस्तू बाजूच्या बॉक्समध्ये, खाली.

तुमच्याकडून एकच गोष्ट हवी: थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकणं. एकट्याने एका पायावर तोललेली गाडी मागे माणूस चढताना तोलता येत नाही. वहिनींनी आधी सांगायचं, तुम्ही पाय रोवून पुढचा ब्रेक धरून "हं" म्हणायचं, मगच चढायचं. ॲडव्हेंचर गाड्यांची सीट उंच असते, तिथे बरेच जण अडतात.

नावं हवीच असतील तर सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० आणि कावासाकी व्हर्सिस ६५० या दोन्ही ओळीने चालवून बघा. टाक्या अनुक्रमे २० आणि २१ लिटरच्या, आणि प्रीलोडची ती हाताने फिरवायची मूठ दोन्हींना आहे. व्ही-स्ट्रॉमची सीट ८३५ मिमी उंच आहे, ती जमत नसेल तर ७४० मिमी सीटची रॉयल एनफिल्ड सुपर मिटिऑर ६५० ही क्रूझर बघा, मात्र मागच्या शॉकअपची हालचाल कमी आहे हे धरून. तिला मोठी टूरिंग सीट आणि बॅकरेस्ट लावूनच ट्रायल मागा. ट्रायल एका फेरीची नको, किमान तासाभराची हवी, आणि त्यात एक तरी खराब रस्त्याचा तुकडा असू द्या.

तुमची उंची आणि दोघांचं मिळून वजन कॉमेंटमध्ये लिहिलंत, तर यातली कोणती आधी बघावी ते नेमकं सांगता येईल.