रद्द पावत्या गेल्या कुठे?

प्रश्न: सोसायटीच्या मेंटेनन्सचं ॲप जँगोत (पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) केलंय. पावती डिलीट न करता ‘रद्द’ फ्लॅग लावतो. दरवेळी रद्द वगळायचा फिल्टर लिहायचा कंटाळा म्हणून मॅनेजरच्या (डेटाबेसमधून नोंदी आणून देणारा जँगोचा भाग) गेट-क्वेरीसेट या फंक्शनमध्येच तो टाकला, तर ॲडमिनमधून (जँगोची तयार व्यवस्थापन पानं) रद्द पावत्याच गायब! डेटा उडाला का?

उत्तर: नाही हो, टेबलात सगळं जागेवर आहे. मॉडेलमध्ये (टेबलाची रचना सांगणारा क्लास) जो मॅनेजर सगळ्यात वर लिहिलाय तोच जँगो डीफॉल्ट धरतो आणि ॲडमिन त्याच्याच चष्म्यातून बघतो, म्हणून वरती साधा ‘ऑब्जेक्ट्स’ मॅनेजर ठेवा आणि फिल्टरवाला त्याच्याखाली वेगळ्या नावाने. मला विचाराल तर मॅनेजरला हातच लावू नका. क्वेरीसेटचा (म्हणजे मागवलेल्या नोंदींच्या संचाचा) क्लास करून त्यात ‘चालू’, ‘थकीत’ अशी फंक्शनं लिहा आणि ‘ॲज-मॅनेजर’ने जोडा (जँगो १.७ पासून आहे ते), मग ‘ऑब्जेक्ट्स.चालू().थकीत()’ अशी साखळी लावता येते, नुसत्या मॅनेजरवर लिहिलेली फंक्शनं पहिल्या कडीनंतर सापडत नाहीत, मी स्वतः यात अख्खी दुपार घालवलीय. आणि हो, पावती नंबर युनिक असेल तर रद्द झालेला नंबर परत टाकताना एरर येणारच, डेटाबेसला तुमचा फिल्टर माहीतच नसतो ना.