डोहात खुंटी मारा, मगच पंपाचं बटण दाबा

प्रश्न (धारणी तालुका): नाल्याकाठी आमचं साडेतीन एकर वावर आहे. गहू-हरभऱ्याला नाल्यातूनच पाणी देतो. दोन वर्षांपासून जानेवारीतच धार तुटते, डोहातले मासे मरतात आणि गावचे लोक आमच्यावर ओरडतात. कृषी केंद्रवाला म्हणतो, साडेसात एचपीचा पंप बसवा आणि जेसीबीनं डोह खोल करा. काय करावं?

उत्तर: भाऊ, दोन्हीही करू नका.

आधी पंपाचं. दुकानदाराला पंप विकायचा आहे, तुमच्या नाल्यात पाणी किती आहे ते त्यानं पाहिलेलं नाही. तुम्ही मोजा. पाइपाच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम ठेवा. २० सेकंदांत भरला, तर पंप सेकंदाला १० लिटर ओढतो. मग डोहाच्या वर, जिथं सगळी धार एका खडकावरून पडते, तिथं १५ लिटरची बादली धरा. भरायला ५ सेकंद लागले, तर नाला देतो ३ लिटर. बाकीचे ७ डोहातून जातात, म्हणजे तासाला २५,२०० लिटर. पंप मोठा केला तर डोह लवकर रिकामा होईल, एवढंच.

जेसीबीचं तर नावच काढू नका. सातपुड्याच्या नाल्यात डोहाच्या खालच्या तोंडाला काळ्या खडकाचा उंबरठा असतो, त्यानंच पाणी अडून राहतं. तो फुटला की डोह संपला. असे 'खोल केलेले' नाले मी बरेच पाहिलेत. मार्चमध्ये तिथं नुसते गोटे असतात.

मासे मरतात ते हवेवाचून. धार गोट्यांवरून खळखळते तेव्हा पाण्यात हवा मिसळते. धार तुटली, डोह उथळ होऊन तापला की हवा कमी पडते, म्हणून मासे पहाटे वर तोंड काढतात. बारीक पिल्लं तर पंपातच ओढली जातात. डोहात उन्हाळा काढलेले मासेच पहिल्या पुरात वर चढून अंडी टाकतात. यंदा डोह आटवला तर पुढच्या पावसाळ्यात चढायला मासाच नाही.

माझा उपाय एकच, आणि तो फुकट आहे: खुंटी. दिवाळीनंतर धार चालू असताना डोहात बांबू रोवा आणि खालच्या उंबरठ्याच्या दोन बोटं वर रंगाचा पट्टा ओढा. पाणी पट्ट्याला टेकलं की पंप बंद. मग पाळी कोणाचीही असो, पीक कोणतंही असो. सोलरवाल्यांनी तर हे पाळायलाच पाहिजे. बिल येत नाही म्हणून ऊन आहे तोवर पंप चालूच ठेवतात. फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या ओढपाइपाच्या टोकाची झडप) डोहात न टाकता काठच्या रेतीत झिरा, म्हणजे पाणी झिरपून भरणारा खड्डा, खोदून त्यात ठेवा. झिऱ्याचं पाणीही नाल्याचंच, पण पिल्लं वाचतात आणि ओढ मंदावते. वनराई बंधारा (रेती-मातीच्या पोत्यांचा आडवा बांध) बांधाल तर पोत्यांमध्ये तळाशी एक पाइप ठेवा, खाली पाणी वाहतं राहिलं पाहिजे.

पिकाला पाणी किती? हरभऱ्याला दोनच पाणी: ३०-३५ दिवसांनी फुलोऱ्याआधी आणि ६०-६५ दिवसांनी घाटे भरताना. तिसरं दिलं तर हरभरा नुसता माजतो, भारी जमिनीत उभळतो. गव्हाला दोनच पाणी जमत असेल तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी. 'पाणी आहे तोवर देऊन घ्या' हा दुकानातला सल्ला ऐकू नका. त्याच्या पुढचा सल्ला युरियाचा असतो.

आता फवारणी. घाटेअळीसाठी दुकानात सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन देतात आणि वर सांगतात 'डबल डोस मारा'. लेबलावर लिहिलंय तेवढंच मारा. डबल मारू नका. ही औषधं माशांना आणि झिंग्यांना थोडीही भोवतात. फवारणी पंप नाल्यात धुऊ नका, धुण्याचं पाणी वावरातच टाका. डोहात औषध ओतून मासे धरणारे अजून भेटतात. १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून तो गुन्हा आहे, आणि तेच पाणी तुमची गुरं पितात.

योजना थोडक्यात: तुषार संचाला महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर) अर्ज करा, अल्पभूधारकाला ८० टक्के अनुदान, इतरांना ७५. सरकारी योजनेत सौर पंप अडीच ते पाच एकरांना ५ एचपीपर्यंतचाच मिळतो, साडेसात मिळवून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

वरच्या आणि खालच्या वावरवाल्यांनाही खुंटी दाखवा. एकट्यानं पंप बंद ठेवला आणि वरच्यानं चालू ठेवला, तर धार तुटणारच.